पाणी गाळायचं कापड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, मोठ्या भावाला न्हाई. दोघंही आता गेले. दर चौमाशात महाराजांपुढं बसून दोष सांगायची आम्हा जैनांत रीत आहे. तिथं मी काय-काय सांगितलं — पायाखाली मुंगी आली, गड्यावर डाफरलो, पारण्याला चार घास जास्त खाल्ले. सगळं बारीकसारीक. हे मात्र दर वर्षी गिळलं आणि हात जोडून घरी आलो.

आणि माझी ख्याती काय, माहीत आहे? परतूरच्या बाजारात कुणालाही विचारा. छोटे शेठ खोटं बोलत न्हाईत. माणसं भांडण घेऊन माझ्या ओट्यावर यायची — ते म्हणतील ते खरं. मला आवडायचं ते. का खोटं सांगू? फार आवडायचं.

तर ऐका. मधेच उठून जावंसं वाटलं तर जा, मी थांबवणार न्हाई.

आमची परतूरला कापसाची जिनिंग होती. भाऊ, त्यांना आम्ही भाईजी म्हणायचो, ते कारखाना बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. लष्कराचा जुना माल विक्रीला निघाला होता. लोक जीपगाड्या घेऊन राह्यले होते, तंबू घेऊन राह्यले होते. भाईजी गेल्ते ट्रक आणायला आणि आले ते विमान घेऊन! दोन माणसं बसतील एवढं, पंखांवर कापड ताणून वर रोगण दिलेलं. मंठ्याकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून बघायला आले. एका म्हाताऱ्यानं मला गंभीरपणे विचारलं, हे रातचं बांधून ठेवावं लागतं का? म्हणलं, हो, वाऱ्यानं उडून जातं. त्याला ते बराबर पटलं.

आईला आम्ही बाई म्हणायचो. बाईंनी विमान बघून पहिलं काय विचारलं असेल? हे पडतं का, असं न्हाई. "त्या बसायच्या जागेला काय लावलंय?" चामडं होतं. आमच्या घरात चामड्याची वहाण उंबऱ्याच्या आत आलेली न्हाई कधी. मी शाळेत कापडी बूट घालून गेलो तेव्हापासून आजतागायत कापडीच. बाईंनी दुसऱ्या दिवशी शिंपी बोलावला, चामडं काढून गादीपाटाचं कापड शिवून घेतलं, आणि मंगच विमानाला कुंकवाचं बोट लावलं. आम्ही सगळे हसलो. हे चामड्याचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

वाटूरच्या रस्त्याला आमचा मुरमाड माळ होता. काळ्या रानात पावसाळ्यात चाकं रुतून बसली असती, माळावर पाणी थांबत नव्हतं. तिथंच धावपट्टी केली. केली म्हणजे काय — दगड वेचले, खड्डे बुजवले, दोन्ही कडांना चुना लावलेले धोंडे मांडले. गवत वाढलं की धनगराच्या मेंढ्या सोडायच्या, त्या निघून गेल्या की लेंड्या आणि उकरलेले खडे मी वेचायचो. पत्र्याची शेड होती. वारा कुठून आहे ते कळायला खांबावर बाईंच्या जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवून टांगली होती. सव्वीस वर्षांचा बाप्या मी, घरी बायको, कारखान्यात काम, आणि माझा जीव सगळा त्या माळावर. सकाळी गवतावर दव असायचं, शेडचं दार उघडलं की रोगणाचा आणि पेट्रोलचा वास यायचा. तेवढं सुख मला नंतर कशातच झालं न्हाई.

विमान चालवायला भाईजींनी रशीदभाईंना ठेवलं. ते मूळचे मंठ्याचे. हैदराबादेत विमानांवरच होते. राज्य बदललं, नोकरी गेली. चाळिशीचा माणूस, शांत, नमाज चुकवायचा न्हाई. विडी न्हाई, पान न्हाई. तोंडात तेवढी लवंग असायची. त्यांची बायको मेहरभाभी सकाळी एक पितळी डबी भरून द्यायच्या, ती संध्याकाळी रिकामी व्हायची. मला त्यांनी सगळं शिकवलं. पंखावरचं कापड फाटलं तर ठिगळ कसं द्यायचं, चाकात हवा किती ठेवायची, इंजिन सुरू करायला पुढचा पंखा हातानं फिरवताना पाय कुठं ठेवायचा. वर नेलं तर विमान वळवायचा दांडा माझ्या हाती द्यायचे. "घाबरू नका छोटे शेठ, पडलो तर दोघं पडू." आणि स्वतःच हसायचे.

पेट्रोल पिंपांतून यायचं. पिंपं उघड्यावर, पावसात उभी. झाकणावर पाणी साचायचं आणि आटीतून आत उतरायचं. पेट्रोलमधलं ते पाणी इंजिनात गेलं की इंजिन बंद. म्हणून टाकी भरताना नरसाळ्यावर मेंढीच्या कमावलेल्या कातड्याचं मऊ फडकं धरायचं. त्यातून पेट्रोल खाली जातं आणि पाणी वर अडकतं, मोत्यासारखं. रशीदभाईंनी मला हे पहिल्याच आठवड्यात दाखवलं. मी नाक मुरडलं, पण हात लावला. बाईंना सांगितलं न्हाई. नंतर हात धुवायचो, दोनदा.

याशिवाय त्यांची एक तऱ्हा होती. उडायच्या आधी टाकीखालची बारकी तोटी सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचे आणि उजेडाला धरून बघायचे. खाली पाणी बसलेलं दिसलं की सगळं ओतून पुन्हा गाळायचं. बाटली भंगारवाल्याकडून आणलेली दारूची चपटी होती — चपटी का, तर खिशात बसते म्हणून. मी एकदा म्हणलं, रशीदभाई, कुणी बघितलं तर काय म्हणेल? ते म्हणाले, बघणाऱ्यानं वास घ्यावा ना, पेट्रोल आहे!

आता त्या वर्षीचा चौमासा. गावात महाराज आल्ते. एक दिवस व्याख्यानात चामड्यावर बोलले — त्या मुक्या जनावराचं काय होतं, कसं होतं. बाया रडल्या. शेवटी महाराजांनी विचारलं, चार महिने चामड्याला शिवणार न्हाई, असा नियम कोण घेतं? बाईंनी वळून माझ्याकडं बघितलं. मी उभा राह्यलो. सगळ्या गावासमोर हात जोडून नियम घेतला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वा.

आणि नरसाळ्यावरचं फडकं?

साधी गोष्ट होती. रशीदभाईंना जाऊन म्हणायचं, असा-असा नियम घेतलाय, चार महिने तुम्ही गाळा. ते काय म्हणाले असते? "बराबर आहे, आणा इकडं," एवढंच म्हणाले असते. मला माहीत आहे ना तो माणूस! पण मला भीती वाटली. आज गाळणं गेलं, उद्या दुसरं कुणीतरी ठेवतील, मंग दांडा माझ्या हाती कशाला देतील? मला नियमही पाहिजे होता आणि विमानही पाहिजे होतं. बाईंचे डोळेही पाहिजे होते. दोन्हीकडं चांगलं राहायचं होतं मला.

म्हणून मी घरातलं गाळणं नेलं. पाणी गाळायचं जाड, दुहेरी कापड. आमच्यात न गाळलेलं पाणी पीत न्हाईत. कापडावर जे राहतं तेही जपून विहिरीत परत सोडतात, जीव असतात म्हणून. ते पवित्र कापड मी नरसाळ्यावर धरलं. जे डोळ्यांना न दिसणारे जीव अडवतं ते पाण्याला अडवणार न्हाई का? असं मी मनाला सांगितलं.

अहो, पण पाणी गाळायचं कापड म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड! त्याचं कामच ते. एवढं माझ्या टाळक्यात आलं नसेल? आलं होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं. तरी तीनदा तसंच भरलं. तीनदा काही झालं न्हाई, दर वेळी रशीदभाईंनी बाटली उजेडाला धरली, पण पिंपं नवी होती, पेट्रोल साफ निघालं. चौथं पिंप पावसात महिनाभर उभं होतं.

ते पिंप उघडलं त्याच्या आदल्या दिवशी संवत्सरी, पर्युषणाच्या उपासाचा शेवटचा दिवस, झाली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्याला भेटू त्याची क्षमा मागतो — कळत नकळत वर्षभरात काही दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. रशीदभाईंना विमान वर्षाच्या तपासणीसाठी हैदराबादला न्यायचं होतं. मी सकाळीच माळावर जाऊन ते यायच्या आत टाकी भरली. उपासाचं अंग होतं — पण उपासाचं निमित्त नको. माझे डोळे चांगले होते. कापडाखालून नरसाळ्यात थेंब घरंगळताना मी बघितले. पेट्रोलमधून पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, गोल, जड. पाच-सहा तर मी बघितलेच. मंग मी दुसरीकडं बघायला लागलो.

रशीदभाई आले. लवंग चघळत होते. मी हात जोडले, म्हणलं, रशीदभाई, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा.

ते हसले. माझे जोडलेले हात त्यांनी दोन्ही हातांत धरले. "तुम्ही काय केलंय माझं? जा, सगळं माफ. बिलकुल माफ."

मंग परतूरच्या बाजूला ढग चढून राह्यले होते ते त्यांनी बघितले. जल्दी निघायला पाहिजे, म्हणाले. खिशातून चपटी काढली, तोटीपाशी वाकले, आणि वाकल्या-वाकल्या मान वळवून मला विचारलं, "गाळलं का बराबर?"

मी म्हणलं, "गाळलं."

खोटं होतं का ते? गाळलं तर होतंच. कापडातून गाळलं होतं.

ते उभे राह्यले. बाटली परत खिशात घातली, कोरडीच. "आज तुमचा एवढा मोठा दिवस. तुमच्या शब्दावर काय बाटली धरायची!" एवढं बोलून ते चढले. पंखा मीच फिरवला. माझ्या हातानं.

विमान गवतावरून पळालं, उठलं, शेवटच्या चुन्याच्या धोंड्याच्या वर गेलं. आवाज चांगला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी हात हलवला. मंग एकदा खोकल्यासारखा आवाज आला. मंग दुसऱ्यांदा. मंग आवाजच बंद झाला, आणि त्या शांततेत मला दूरच्या मेंढ्या ओरडताना ऐकू आल्या. त्यांनी माळाकडं वळायचा प्रयत्न केला. एक पंख खाली गेला आणि विमान त्या अंगावरच पडलं. मी पळालो. मी पोचलो तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं.

एवढंच असतं ना, तर मी म्हणलं असतं, चूक झाली. भयंकर चूक, पण चूक. माणसं अशा चुका घेऊन जगतात.

खिशात चपटी सापडली. फुटलेली. गावानं जल्दी निकाल लावला — पिऊन उडाला. तोंडात कायम लवंग कशाला असायची? वास दाबायला! त्या दिवसांत त्यांच्यासारख्या माणसाबद्दल काही वाईट म्हणलं की लोकांना पटायला वेळ लागत नव्हता. भाईजीही गप्प बसले. मी पण. लवंग कशाला होती आणि बाटली कशाला होती, हे परतुरात दोनच माणसांना बराबर माहीत होतं, मला आणि मेहरभाभींना.

अपघाताच्या चौकशीचा साहेब चौथ्या दिवशी आला. मधे दोन दिवस पाऊस पडून गेल्ता, टाकी फुटून सगळं वाहून गेल्तं. त्यानं पिंपांचं विचारलं. म्हणलं, गाळूनच भरतो. त्यानं लिहून घेतलं. मंग म्हणाला, एवढा जुना माणूस, इंजिन बंद पडल्यावर सरळ उतरायचं सोडून वळला कसा? सकाळी तुम्ही जवळ होतात. तोंडाला वास येत होता का?

मी बघितलं. भाईजी बाजूला उभे होते. साहेबाचा टाक कागदावर थांबला होता.

"येत होता."

येतच होता ना! माझे हात हातांत धरले तेव्हा त्यांचं तोंड वीतभरावर होतं, लवंगेचा वास माझ्या तोंडावर आला होता. कसला वास ते साहेबानं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. मी खोटं बोलत न्हाई!

थांबा. अजून आहे. मी ज्याच्यासाठी बसलोय ते अजून आलंच न्हाई.

आठ-दहा दिवसांनी मेहरभाभी आमच्या ओट्यावर आल्या. एकट्या. बुरखा वर केलेला, चेहरा सुकलेला. त्यांच्याच मोहल्ल्यातल्या बाया त्यांच्याकडं यायच्या बंद झाल्या होत्या. तोवर त्या एकट्या सगळ्या गावाशी भांडत होत्या — त्यांनी कधी घेतली न्हाई, कधी न्हाई, बाटली पेट्रोल बघायची होती. माझं नाव घेऊन सांगायच्या, छोटे शेठला विचारा. आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की छोटे शेठनीच साहेबाला वासाचं सांगितलंय.

ओट्याखाली उभ्या राहूनच त्या बोलल्या. "छोटे शेठ, तुम्ही खोटं बोलत न्हाई, अख्ख्या परतूरला माहीत आहे. ते पण म्हणायचे, त्या घरात एक माणूस सोन्यासारखा आहे. म्हणून तुम्हालाच विचारायला आले. लोक काय बी म्हणोत. तुम्ही सांगा, वास होता?"

दारू हा शब्द भाभींनी तोंडातून काढला न्हाई. काढला असता तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं. निदान मी तसं मानत आलो. पण तुम्हीच सांगा, त्या काय विचारत होत्या ते मला समजत नव्हतं का? आत बाई माळ ओढत बसल्या होत्या, दार उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता. लवंगेचा. एवढा एक शब्द बोलला असता तर पुढचा प्रश्न आला असता — मंग साहेबाला असं का सांगितलं? आणि त्याच्या पुढचा. आणि शेवटी ते कापड.

मी म्हणलं, "होता, भाभी."

त्या रडल्या न्हाईत. हळू म्हणाल्या, "मंग मलाच माहीत नव्हतं."

बुरखा खाली ओढला आणि गेल्या. त्या दिवसानंतर त्या गावाशी भांडल्या न्हाईत. सारं गाव म्हणत होतं तेव्हा त्यांनी मानलं नव्हतं; मी म्हणलं आणि मानलं. नवरा एकदा माळावर गेला होता, दुसऱ्यांदा मी आमच्या ओट्यावर नेला. सतरा वर्षांच्या संसारातलं त्यांनी मागं जाऊन काय-काय तपासलं असेल? कोणता उशिरा आलेला दिवस, कोणती लवंग? त्या मंठ्याला भावाकडं गेल्या. बाजाराच्या दिवशी मी मंठ्याला जायचो, शिवणयंत्र घेऊन बसलेल्या दिसायच्या. मी रस्त्याच्या दुसऱ्या अंगानं जायचो. वीस वर्षं तसाच गेलो. मंग एका बाजाराला ती जागा रिकामी दिसली. शेजारच्या बोहारणीला विचारलं, ती म्हणाली, त्या तर उन्हाळ्यातच वारल्या.

चौमासा संपेपर्यंत मी चामड्याला शिवलो न्हाई. नियम पूर्ण पाळला. बाईंनी गावात पेढे वाटले.

माळावर आता बाभळी आहेत. धोंड्यांवरचा चुना केव्हाच गेला. दर संवत्सरीला मी लहानथोरांपुढं हात जोडतो, पोरंसोरंही पाया पडून जातात. आणि मला रशीदभाईंचे हात आठवतात. जा, सगळं माफ. बिलकुल माफ. कित्येक वर्षं मी ते धरून बसलो — त्यांनी तर माफ केलंय. पण नीट आठवून बघा, मी रोज आठवतो. कापड त्याच्या आधीचं. कापड माफ झालं असेल. "गाळलं" त्याच्यानंतरचं. "येत होता" नंतरचं. "होता, भाभी" तर फारच नंतरचं. त्यांची माफी यातल्या कशालाच पुरत न्हाई, आणि दुसरी मी मागितली न्हाई. आताही मागून न्हाई राह्यलो.

त्या सकाळी रशीदभाईंच्या तोंडाला वास होता. लवंगेचा. मेहरभाभींनी भरून दिलेल्या डबीतल्या लवंगेचा.